मुंबईतील दोन बंधुमंडळे आणि त्यांची गुप्तता

'फ्रीमेसन' हे नाव ऐकले नाही असा सुशिक्षित गृहस्थ विरळा, आणि त्याविषयी काही नेमके सांगू शकेल असा तर त्याहूनही विरळा. बंद दरवाजा, दारावरचा पहारेकरी, एकमेकांस ओळखण्याच्या खुणा, एवढ्या सामग्रीवर लोकांच्या कल्पनेस हवे तेवढे रान मिळाले, व हिंदुस्थानात ठिकठिकाणी ह्या मंडळ्यांच्या वास्तूंस 'जादूघर' असे नाव पडले. आम्ही हे लिहितो ते निमोण्यास. येथून जवळच घोडनदीस, म्हणजे शिरूरास, कंपनी सरकारची छावणी होती. इंग्रजांच्या पलटणी जेथे जात तेथे पुष्कळदा त्यांचे लॉजही त्यांच्याबरोबर जाई. हा पंथ इकडे आला तो असा शिपाई व व्यापारी ह्यांच्या पावलांनी. कलकत्त्यास १७३० साली व मुंबईस १७५८ साली लॉज स्थापन झाले.

परंतु 'सर्व मनुष्ये बंधू' असे म्हणणाऱ्या ह्या मंडळ्यांच्या दारी एतद्देशीय मनुष्य उभा राहिला, तेव्हा काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. मेसन होण्यास एका परमेश्वरावर श्रद्धा असावी लागते. त्यास ते विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात. पुढे सभासद पांढऱ्या व काळ्या गोळ्या टाकून मत देतात. मुंबईचे माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ. एकेश्वरवादी, इंग्रजीत पारंगत, प्रतिष्ठित. तरीही मुंबईतील युरोपियन लॉजाने त्यांस घेतले नाही. तेव्हा ते विलायतेच्या प्रवासात पॅरिसमध्ये मेसन होऊन आले! पुढे मुलींच्या शिक्षणासाठी १८६३ साली मुंबईत अलेक्झांड्रा शाळा काढणारे ते हेच. जो दरवाजा आपल्या गावी उघडेना तो परक्या देशात उघडला, ह्यात बंधुभावाची थोरवी म्हणावी की थट्टा, ते वाचकांनीच ठरवावे.

ही लाज डॉक्टर जेम्स बर्न्स ह्यांस वाटली. हे काबुलास १८४१ साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्स ह्यांचे बंधू. त्यांनी डिसेंबर १८४३ मध्ये एतद्देशीयांकरिता 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज मुंबईत काढले. आरंभीचे सभासद पारशी व मुसलमान होते, आणि ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यावी अशी तेथे सोय होती. हिंदूंची गोष्ट निराळी पडली. 'ह्यांचे देव अनेक, मग ह्यांची शपथ कोणापाशी?' असा आक्षेप निघे. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनी १८६३ साली अर्ज केला आणि त्यांस प्रवेश मिळाला १८७२ साली. नऊ वर्षांत वेदान्तावरील एखादे भाष्य वाचून होते. पण ते कोणी वाचले असेल असे दिसत नाही.

ह्याच मुंबईत, रायझिंग स्टारनंतर सहाच वर्षांनी, १८४९ साली, आपल्याच लोकांनी एक गुप्त बंधुमंडळ काढले. ती परमहंस सभा. तिचे प्रवर्तक दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांच्या १८३६ सालच्या व्याकरणावर आपल्या वाडवडिलांच्या कित्येक पिढ्या मराठी शिकल्या. आणि तिचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. ईश्वर एक, मनुष्यजात एक, जातिभेद खोटा, ही तिची मते. मेसनांत आणि ह्यांच्यात साम्य पुष्कळ: बंद दार, प्रवेशाची प्रतिज्ञा, कोठेही वाच्यता न करण्याचा निर्बंध. पण परमहंसांची परीक्षा हातखुणांची नव्हती, जिभेची होती. नव्या सभासदाने ख्रिस्त्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे. आज हे वाचताना हसू येईल. पण ज्या घरात सोवळ्याशिवाय पाटावर बसता येत नसे, त्या घरातील मुलाने हा तुकडा गिळणे म्हणजे काय होते ह्याची कल्पना आपल्या वाचकांस तरी सांगावयास नको. पंगत, श्राद्ध, बहिणीचे लग्न, आईच्या हातचा घास, हे सारे त्या एका घासाने पणास लागत असे.

म्हणून गुप्तता. पुरेसे सभासद जमले की उघड व्हावे असा बेत होता. तोवर सभेत बंधू आणि घरी सोवळ्यातला मुलगा, असे दुहेरी जिणे चालले. बाबा पदमनजी हे ह्या सभेत होते. ते १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्रात त्यांनी सभेविषयी लिहिले आहे. अखेर १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे बाहेर पडली, आणि सभा मोडली. तिच्यावर कोणी खटला केला नाही, सरकारने बंदी घातली नाही. नावे घरोघरी कळली, एवढेच पुरे झाले.

येथे एका परक्या देशाची आठवण होते. स्वित्झर्लंड हा आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढ्या वस्तीचा देश. जर्मन, फ्रेंच, इटालियन व रोमान्श अशा चार भाषांचा. तेथील महालॉज 'अल्पिना' १८४४ सालचे. १९२५ साली इटलीत व १९३५ साली जर्मनीत लॉजे बंद पाडली गेली. त्याच वाऱ्यावर स्वित्झर्लंडातही बंदीची मागणी उठली. पण तिचा निकाल नोव्हेंबर १९३७ मध्ये सर्व मतदारांनी लावला. दोन-तृतीयांशांहून अधिक मते बंदीविरुद्ध पडली व फ्रिबूर हे एकच परगणे बंदीच्या बाजूने गेले. मेसनांचे गुपित कसेही असो, त्याच्या रक्षणास तेथे कायदा व लोकमत होते. परमहंसांच्या गुपितास दोन्ही नव्हते. शिवाय लॉजात धर्म व राजकारण ह्यांची चर्चाच वर्ज्य असल्यामुळे मेसनांस घरी येऊन लपवावे लागे ते फार थोडे. मुंबई-पुण्याच्या लॉजांस म्हणूनच दीर्घायुष्य लाभले, आणि १९६१ साली हिंदुस्थानचे स्वतंत्र महालॉजही उभे राहिले.

परमहंस सभेतील काही मंडळी पुढे ३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात आली. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्याचे संस्थापक. दार उघडे, उपासना उघडी. मात्र पावाच्या तुकड्याची अट गेली. जुन्या सभेपेक्षा हा मार्ग शहाणपणाचा, असे बहुतेकांस वाटते. आम्हांस तितकीशी खात्री नाही. ती अट हट्टाची होती हे खरे; पण बंधुभाव ताटापर्यंत पोचल्यावाचून तो खरा नव्हे, हे त्या मुलांनी बरोबर ओळखले होते.

ताटाचा प्रश्न किती अवघड, हे पुण्याने पुढे पाहिलेच. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून दिली. पुन्हा नावांचीच यादी! तीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि १८९२ साली रानड्यांनी मित्रांच्या अडचणीसाठी प्रायश्चित्त घेतले. ह्या प्रसंगाची घरातील बाजू रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.