वेळापत्रक ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!

हिवाळी परीक्षा जवळ आली की अभियांत्रिकीची मुले आमच्याकडे येतात. गाऱ्हाणे एकच, "सर, वेळापत्रक आत्ता लागलं, पेपर पंधरा दिवसांवर!"

ज्याच्या घरी बाप इंजिनिअर आहे तो निभावून नेतो. पण वसतिगृहात राहून संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्याने मालकाकडे सुटी कधी मागायची? मागचे विषय राहिले असतील तर तिसऱ्या आणि पाचव्या सत्राचे पेपर लागोपाठ अंगावर येतात. पुन्हा ए.टी.के.टी., पुन्हा परीक्षा शुल्क. आणि वर प्रस्थापित म्हणणार, राखीव जागांची मुले टिकत नाहीत!

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून एका महिन्याच्या आत विद्यापीठाने परीक्षांचे वेळापत्रक प्रसिद्ध केले पाहिजे आणि ते पाळले पाहिजे. पाळता आले नाही तर कारणांसह अहवाल कुलपती व राज्य शासनाला द्यावा लागतो. निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागला पाहिजे.

मात्र याच कायद्यात एक मेख आहे. वेळापत्रक पाळले नाही एवढ्याच कारणाने परीक्षा रद्द ठरत नाही. म्हणजे पेपर झाल्यावर कोर्टात धावून फारसे हाती लागत नाही. जे करायचे ते आधी!

५ आणि ७ डिसेंबरला पेपर लागले तर विदर्भ-मराठवाड्यातून चैत्यभूमीवर येणाऱ्या मुलाने काय करावे? तारखा वर्षारंभी हाती आल्या तर हरकत घ्यायला वेळ मिळतो. आठ दिवस आधी कळल्या तर अभिवादन किंवा पेपर, यातले एक सोडावे लागते.

म्हणून विद्यार्थी संघटनांना आमचे सांगणे आहे. पहिला महिना उलटताच परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना लेखी निवेदन द्या, पोच घ्या. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली विचारा, कुलपतींना अहवाल पाठवला काय? प्रत द्या. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

मोर्चा परीक्षेच्या तोंडावर काढून उपयोग नाही. अर्ज आजच लिहा. कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो आपणहून उठून विद्यापीठात जात नाही. त्याला आपणच न्यावे लागते.