वळणावरचा पीळ

खडकवासला धरणाची भिंत आणि चौपाटीवरची गर्दी मागे पडते, डोणजे फाट्यावरून डावीकडे वळून गोळेवाडी ओलांडली की सिंहगडाचा घाट सुरू होतो. सपाट रस्त्यावर गुणी वाटणारी छोटी गाडी इथे आपला स्वभाव दाखवते. अरुंद वळणावर ती बाहेरच्या अंगाला कलते, मागे बसलेले एकमेकांवर रेलतात आणि स्टिअरिंग आणखी फिरवले तरी गाडीचे नाक वळणाबाहेरच जाऊ पाहते. गाड्यांचा नाद असलेल्या तरुणांकडे यावर एक उपाय तयार असतो : मागे जाड स्टॅबिलायझर बार टाकायचा. उपाय खोटा नाही. पण त्यामागचे विज्ञान समजून न घेता तो केला, तर पावसाळ्यातल्या घाटात तो जिवावर बेतू शकतो.

स्टॅबिलायझर बार म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला स्प्रिंग-पोलादाचा दांडा. त्याचा मधला भाग रबरी बुशांमध्ये बसवून गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो. दोन्ही टोके लिंक रॉडने डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाके एकदम वर उचलली जातात तेव्हा हा दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो, कुणाला अडवत नाही. वळणावर मात्र बाहेरच्या बाजूची स्प्रिंग दबते, आतल्या बाजूची मोकळी होते, दांड्याचे एक टोक वर आणि दुसरे खाली जाते. दांड्याला पीळ बसतो. तो पीळ सोडवण्याची दांड्याची जी ओढ, तीच गाडीचे कलणे रोखते. स्टीफन कोलमन या कॅनडातल्या संशोधकाला 1919 मध्ये अशा दांड्याचे पेटंट मिळाले. शंभर वर्षे उलटली तरी त्याचे मूळ रूप फारसे बदललेले नाही.

दांड्याची ताकद त्याच्या जाडीवर अवलंबून असते आणि तीही साध्या प्रमाणात नाही. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिलिमीटरच्या जागी 22 मिलिमीटरचा दांडा घातला तर डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो, पण ताठपणा सुमारे 46 टक्क्यांनी वाढतो. 16 च्या जागी 19 घातला तर तो जवळजवळ दुप्पट होतो. याच नियमामुळे दांडा पोकळही करता येतो. आतल्या पोकळीचा व्यास बाहेरच्या व्यासाच्या निम्मा ठेवला तर वजन पाव हिश्श्याने घटते, ताठपणा मात्र जेमतेम सहा टक्क्यांनी कमी होतो. पिळाचा बहुतेक भार दांड्याच्या बाहेरच्या थरावर असतो, गाभ्याला फारसे काम नसते, हे त्याचे कारण.

आता घाटातल्या वळणाकडे येऊ. समजा वळणाची त्रिज्या 15 मीटर आहे. ताशी 20 किलोमीटर वेगाने गेलो तर गाडीवर आडवे त्वरण गुरुत्वाच्या एकपंचमांश इतके असते. ताशी 30 ला ते गुरुत्वाच्या जवळपास निम्म्यावर पोचते. ताशी 40 ला ते 0.84 वर जाते आणि ओल्या डांबरावर साध्या टायरला इतकी पकड देणे जमत नाही. वेग दुप्पट झाला की आडवा जोर चौपट होतो, आणि या नियमातून कुठलाही दांडा सुटका करून देत नाही.

गाडी माणसांसह 1,000 किलोची धरू. वजनाचा मध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर 1.45 मीटर. ताशी 30 किलोमीटरने त्या वळणात शिरलो की आतल्या चाकांवरचा सुमारे 180 किलो भार उठून बाहेरच्या चाकांवर जातो. हा आकडा वजन, उंची, रुंदी आणि आडवे त्वरण एवढ्यांवरूनच ठरतो. दांडा जाड करा, बारीक करा, काढून टाका, 180 किलो हलणारच. दांड्याच्या हाती असते ती वाटणी. जमीन तेवढीच राहून दोन भावांचे हिस्से बदलावेत, तसे त्या 180 पैकी किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या जोडीने, एवढेच तो ठरवतो.

वाटणीने फरक का पडतो, याचे उत्तर टायरमध्ये आहे. टायरवर भार वाढला की पकड वाढते, पण भाराइतक्या वेगाने वाढत नाही. दुप्पट भाराला दुप्पट पकड मिळत नाही, थोडी कमीच मिळते. त्यामुळे 300-300 किलो भार असलेली चाकांची जोडी 410 आणि 190 अशी विभागली गेली, की दोघांची मिळून पकड आधीपेक्षा घटते. बाहेरच्या चाकाने कमावलेले आतल्याने गमावलेल्याची भरपाई करत नाही. ज्या जोडीत भार जास्त सरकतो, ती जोडी आधी घसरते.

मारुती 800 पासून पिंपरीच्या टाटा इंडिकापर्यंत आणि चाकणच्या फोक्सवॅगन पोलोपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सारे पुढे. वजनाचा सुमारे 60 टक्के वाटा पुढच्या चाकांवर. ओढायचेही त्यांनीच आणि वळवायचेही त्यांनीच. मर्यादा आली की त्यांची पकड आधी संपते आणि नाक बाहेर जाते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि पुढच्या मोटारशास्त्राचा तो पाया ठरला.

मागचा दांडा जाड केला की नेमके काय घडते, ते आपल्या उदाहरणात पाहू. आधी पुढे 110 आणि मागे 70 किलो सरकत होते असे धरू. पुढची चाके 410 आणि 190, मागची 270 आणि 130. आता वाटणी 90-90 झाली. पुढे 390 आणि 210, मागे 290 आणि 110. पुढची जोडी थोडी समतोल झाली, तिची पकड वाढली, नाक वळणात येऊ लागले. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. पुढच्या आतल्या चाकावर 20 किलो जास्त आले. डिफरन्शियल इंजिनाची ओढ पुढच्या दोन चाकांत वाटतो, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये ती किती मिळणार हे त्या दोघांतल्या हलक्या चाकावर ठरते. घाटात चढाच्या वळणातून बाहेर पडताना आतले चाक जागच्या जागी गरगरते, त्याला या 20 किलोंचा आधार होतो. शर्यतीच्या छोट्या गाड्यांचे मागचे आतले चाक वळणावर हवेत उचललेले दिसते, ते याच वाटणीच्या टोकाला.

पुढचा दांडा जाड केला तर सहसा उलटे होते. कलणे कमी होते, पण नाक आणखी बाहेर जाते. सहसा म्हणण्याचे कारण असे, की छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना असणाऱ्या मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शनमध्ये गाडी कलली की बाहेरचे चाकही तिच्यासोबत बाहेर झुकते आणि टायर पूर्ण रुंदीने टेकत नाही. कलणे रोखले तर टायर नीट टेकतो, आणि काही गाड्यांत तो फायदा तोट्यावर मात करतो. मारुती 800 मध्ये तर पुढचा दांडा दुहेरी कामाला लावला होता. कलणे रोखायचे आणि चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मला पुढे-मागे हलू द्यायचे नाही. अशा गाडीत दांड्याला हात लावणे म्हणजे चाकाच्या जागेलाच हात लावणे.

मागच्या बाजूला वेगळे कोडे असते. बहुतेक छोट्या गाड्यांत मागे स्वतंत्र दांडा सापडतच नाही. तिथे दोन्ही चाकांना जोडणारा, उघड्या खोबणीच्या आकाराचा ट्विस्ट बीम असतो. 1974 च्या फोक्सवॅगन गोल्फमुळे ही रचना जगभर रुजली. हा बीम वाकत नाही, पण पिळला जातो. म्हणजे स्टॅबिलायझरचे काम तो स्वतःच करतो. बाजारात मिळणारे मागचे बार या बीमला जोड म्हणून बोल्टने बसवतात. त्यासाठी बीमला भोके पाडू नयेत, वेल्डिंग तर मुळीच करू नये. बीमचे पोलाद सतत पिळले जाते आणि अशा ठिकाणी पडलेली बारीक चीर वाढत जाते.

माझी खरी काळजी पावसाळ्याची आहे. कारखान्यातून गाडी थोड्या अंडरस्टिअरसह पाठवतात, ती काटकसर म्हणून नाही. नाक बाहेर जाऊ लागले की घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. वेग उतरतो, भार पुढे येतो, नाक परत वळते. सामान्य चालकाची पहिली प्रतिक्रियाच त्याला वाचवते. मागचा दांडा फार ताठ केला की हे गणित उलटते. सिंहगडाच्या उतारावर, धुक्यात, ओल्या वळणात पाय काढला की मागची हलकी झालेली चाके सुटतात आणि शेपूट बाहेर जाते. ते सावरायला स्टिअरिंग उलट दिशेला फिरवण्याचा सराव लागतो, जो आपल्यापैकी फार थोड्यांना असतो. 2010 मध्ये सुरू झालेल्या पोलो कपसारख्या शर्यती चेन्नईजवळच्या गुळगुळीत ट्रॅकवर होत आणि तिथे घसरलेल्या गाडीसाठी बाजूला मोकळी जागा असते. घाटात बाजूला दरी असते.

शिवाय आपले रस्ते. एकच चाक खड्ड्यात गेले की ताठ दांडा तो धक्का दुसऱ्या चाकाकडेही पोचवतो आणि गाडी डावी-उजवी हिंदकळते. खडकवासल्याहून पुढे पानशेतकडे जाणाऱ्या रस्त्यावर खड्ड्यांचे दिवस असतात तेव्हा जाड दांड्याची किंमत प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. हळू वेगात खड्ड्यावरून जाताना पुढून खटखट आवाज येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉडचे सांधे किंवा दांड्याचे बुश गेलेले असतात. तेवढे बदलले की कंपनीने दिलेला दांडा पुन्हा पुरते काम करू लागतो, आणि पुष्कळांना हवा असलेला बदल एवढ्यातच मिळतो. मग टायर पाहावेत. झिजलेल्या, कडक झालेल्या टायरची उणीव कुठलाही दांडा भरून काढत नाही. हवा दाराजवळच्या पत्रकात लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी. तेल गळणारे शॉकअप बदलावेत, अलाइनमेंट करून घ्यावे. इतके केल्यावरही गाडीचे नाक वळणाबाहेर जात असेल, तर खास त्याच मॉडेलसाठी बनवलेला, मूळ ताठपणात माफक भर घालणारा मागचा बार बसवायला माझी हरकत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या बदलांबाबत आहे, तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनी यांना आधी विचारून घ्यावे. बार बसवल्यावर पहिला पाऊस पडेल तेव्हा मोकळ्या मैदानात, कमी वेगात गाडीचा नवा स्वभाव ओळखून घ्या, आणि त्यानंतरच घाटाकडे वळा.