चष्म्याचा नंबर आणि लेझर : तीन पद्धतींचा परिचय

"लेझरने नंबर घालवायचा, तर कोणती पद्धत चांगली?" हा प्रश्न सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमत या भागांतून येणारे पालक आमच्या नेत्रविभागात नेहमी विचारतात. सोबत बहुधा भरतीची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी असते. त्यांच्यासाठी हे टिपण देत आहोत.

डोळ्याच्या दर्शनी भागावर पारपटल, म्हणजेच कॉर्निया, हा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा असतो. त्याची वक्रता बदलणे हेच तिन्ही पद्धतींचे तत्त्व होय. एक्सायमर लेझर आजूबाजूचा भाग न भाजता ऊती अचूक कोरतो, हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली अमेरिकेत दाखविले. पुढील वाटचाल त्यातूनच घडली.

पीआरके पद्धतीत पारपटलावरील पातळ आवरण दूर करून लेझर देतात. आवरण भरून येईपर्यंत काही दिवस वेदना होतात व दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. मात्र पापुद्रा कापला जात नसल्याने कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांना ही पद्धत सोयीची ठरते.

लॅसिकमध्ये पापुद्रा उचलून आत लेझर देतात व तो पुन्हा बसवितात. बहुधा दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दिसते; परंतु जोरदार मार लागल्यास पापुद्रा सरकू शकतो आणि काही काळ डोळे कोरडे पडतात.

स्माइल पद्धतीत फेम्टोसेकंद लेझरने आतल्या आत पातळ चकती तयार करून ती लहानशा छेदातून काढतात. कोरडेपणा तुलनेने कमी असतो. मात्र ही पद्धत मुख्यतः उणे नंबरासाठी वापरली जाते.

यांपैकी कोणती योग्य, हे यंत्राच्या किमतीवरून नव्हे, तर पारपटलाची जाडी व आकार तपासूनच ठरते. पारपटल शंकूसारखे पुढे येत असल्यास लेझरने दृष्टीची हानी होऊ शकते. वय १८ पूर्ण असावे व नंबर किमान वर्षभर स्थिर असावा. चाळिशीनंतरचा वाचनाचा चष्मा या शस्त्रक्रियेने टळत नाही.

भरतीच्या उमेदवारांनी जाहिरातीतील वैद्यकीय अटी आधी वाचाव्यात. काही पदांसाठी लेझर झालेले उमेदवार अपात्र ठरतात. तपासणीअंती आम्ही "लेझर नको" असे सांगितले, तर पालकांनी निराश होऊ नये. अशा डोळ्यांसाठी चष्मा हा सुरक्षित उपाय आहे.