मरळीचे आमिष : गळाच्या रचनेतून दिसणारे मत्स्यवर्तन

भंडारा हा तलावांचा जिल्हा होय. धानाच्या सिंचनासाठी कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले तलाव व बोड्या मालगुजारी पद्धती १९५१ साली संपुष्टात आल्यावर शासनाकडे आल्या आणि माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. या जलाशयांत रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडले जाते. मरळ (चन्ना स्ट्रायाटा) मात्र तेथे आपोआप वाढते. ढिवर समाजाचे मुख्य साधन जाळे असले, तरी गळाला जिवंत बेडूक अथवा लहान मासा लावून मरळ धरण्याची रीत भारतात जुनी आहे. अलीकडे हौशी मंडळी रबरी बेडूकही वापरतात. ज्यास गंध नाही, चव नाही, अशा वस्तूवर हा मासा का झडप घालतो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. मरळीच्या पुढील पिढीचे भवितव्य त्याच्याशी निगडित आहे.

कृत्रिम आमिषाचे मर्म समजण्यासाठी एका दूरच्या उदाहरणाचा उपयोग होतो. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेरी बास (मोरोन सॅक्साटिलिस) या माशासाठी मोठी कृत्रिम ‘माशी’ बांधतात. नावाने ती माशी असली, तरी ती मेनहेडन या हेरिंगवर्गीय माशाची प्रतिकृती असते. येथे एक अडचण उद्भवते. या मासेमारीत आमिष स्वतःच्या वजनाने दूर जात नाही; जाड दोरीचे वजन त्यास वाहून नेते. म्हणून आमिष दिसावयास मोठे, पण वजनास हलके हवे. न्यू जर्सीचे बॉब पोपोविक्स यांनी रूढ केलेल्या रीतीत हरणाच्या शेपटीचे केस प्रथम टोके गळाच्या छिद्राकडे ठेवून बांधतात. नंतर ते मागे वळवून पुढील बाजूस दोऱ्याचे वेढे देतात. त्यामुळे केस शंकूसारखे उभे राहतात व आत पोकळी राहते. पाण्यात माशाचा आकार दिसतो आणि बाहेर काढताच पाणी निथळून जाते.

रबरी बेडकाचे तत्त्वही पोकळपणाचेच आहे; हेतू मात्र निराळा. मरळ कमळ, शिंगाडा व इतर पाणवनस्पतींच्या आडोशास दबा धरून राहते. तेथे उघडा गळ वनस्पतीत अडकतो. म्हणून जोडगळाची टोके वर वळवून बेडकाच्या पाठीशी लगटून ठेवलेली असतात. पोकळ शरीर पानांवरून तरंगत सरकते. मरळीने जबडा मिटताच ते दबते आणि टोके उघडी पडतात. पृष्ठभागावरील हालचाल माशाला डोळ्यांनी दिसते व पार्श्वरेखेतील संवेदनेंद्रियांनी जाणवते. झडपेस एवढी सूचना पुरेशी होते.

परंतु प्रत्येक झडप भुकेचीच असते, असे समजणे चुकीचे ठरेल. पट्टेरी बास नदीत अंडी सोडतो. ती प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि पालक त्यांची राखण करीत नाहीत. मरळीचे वर्तन याच्या उलट आहे. पावसाळ्यात ती वनस्पतींमधील थोडी जागा मोकळी करून तरंगणारी अंडी घालते. अंड्यांचे व पुढे पिलांचे रक्षण पालक करतात. पिले केशरी-तांबूस असून दाट घोळक्याने फिरतात. थोडी वाढल्यावर ती हवा घेण्यासाठी वर येतात, त्या वेळी पाण्यावर बारीक बुडबुडे व तरंग उठतात. पालक मासा जवळच, बहुधा घोळक्याच्या खाली असतो. अशा घोळक्याजवळ बेडूक पडला, की तो भूक नसतानाही त्यावर तुटून पडतो. कारण बेडूक हा पिलांचा शत्रू होय. अनुभवी गळकरी नेमकी हीच खूण शोधतात.

परिणाम उघड आहे. एक पालक पकडला गेला, की संरक्षणास मुकलेली शेकडो पिले इतर मासे, बेडूक व पाणपक्षी यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. बाजारात मरळीस चांगला भाव मिळतो. कार्पच्या संवर्धनात मात्र ती मत्स्यबीज खाणारी म्हणून नकोशी गणली जाते. या दुहेरी दृष्टीमुळे तिच्या विणीकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे.

आमिष बांधणारा माशाच्या स्वभावाविषयी एक अनुमान बांधीत असतो. बासची माशी भुकेचे अनुमान करते. घोळक्यावर टाकलेला बेडूक वात्सल्याचे. पहिल्यात एक मासा जातो, दुसऱ्यात एक पिढी. पिलांचे घोळके दिसतात तोवर त्या जागी गळ न टाकणे, हा नियम मच्छीमार सहकारी संस्थांना खर्चावाचून पाळता येण्याजोगा आहे. प्रत्येक तलावात घोळके प्रथम केव्हा दिसले व केव्हा विखुरले, यांच्या तारखा नोंदविणे हे प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्या नोंदींवरूनच या नियमाचा काळ निश्चित करता येईल.