धाकटीच्या रक्तात थोरलीचं उत्तर

थोरलीच्या स्तनात गाठ निघते आणि जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात धाकटी तिच्यासोबत जाते. ती स्वतः ठणठणीत असते. पण संशोधनाला तिचीच मोठी गरज असते, आणि त्यामागचं कारण विलक्षण आहे.

आजार जडल्यावर घेतलेल्या रक्तात आजाराच्या आणि औषधांच्या खुणा मिसळलेल्या असतात. "पूर्वी काय खायचा, कसली फवारणी करायचा?" असं विचारलं तर आजारी माणसाला भीतीपोटी वेगळंच आठवतं. म्हणजे पुरावा हवा तो गाठ येण्याआधीचा! पण उद्या कोणाला गाठ येणार, हे आज कसं ओळखायचं? इथे बहिणीचं नातं कामी येतं. सख्ख्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर स्त्रीचा धोका साधारण दुप्पट असतो. त्यामुळे अशा बहिणी जमवल्या की उत्तरं लवकर हाती लागतात.

अमेरिकेत २००३ ते २००९ या काळात 'सिस्टर स्टडी' नावाच्या अभ्यासासाठी अशा ५०,८८४ निरोगी बहिणी पुढे आल्या. त्यांच्याकडून रक्त, लघवी, पायाच्या नखांचे तुकडे, इतकंच काय, घरातली धूळही घेतली गेली. नख सावकाश वाढतं. कापलेल्या तुकड्यात कित्येक महिन्यांपूर्वी शरीरात गेलेल्या धातूंचा माग सापडतो. सगळं जपून ठेवलं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. केसांचा पक्का रंग आणि केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्या बायकांत धोका काहीसा जास्त दिसतो, हे २०१९ साली या बहिणींमुळेच पुढे आलं. अर्थात रंगानेच कर्करोग होतो, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही.

आपल्याकडेही बायकांनी असंच औदार्य दाखवलं. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या १,५१,५३८ बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका त्यातल्या निम्म्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. वीस वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी निघाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. स्तनांचा एक्स-रे काढणारं मॅमोग्राफीचं यंत्र दूर असलेल्या भागांना याहून मोलाची माहिती कोणती?

तुमच्या बहिणीला हा आजार झाला असेल, तर आधी स्वतःची तपासणी करून घ्या. कोणी संशोधनात भाग घेण्याविषयी विचारलं, तर संमतीपत्र मराठीतून समजून घ्या, शंका विचारा. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे. मन मानलं तर हो म्हणा.