कोणतं लिनक्स घेऊ?

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत शेजारच्या बाई आपला लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अख्ख्या गल्लीला त्या बाईच. २०१६ साली घेतलेलं यंत्र, सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार संपला होता, आणि विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच लागतो. दुकानदाराने सरळ नवा घ्यायला सांगितलं होतं. बाईंनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, पडदा फुटलेला नाही, बटणं दाबली जातात, आवाज येतो. मग भंगारात कशाला घालायचा?”

“नका घालू. यावर लिनक्स टाकू,” मी म्हटलं.

“कोणतं?”

बाईंनी वर्तमानपत्रात चारपाच नावं वाचली होती, म्हणून हा प्रश्न लगेच आला. गेली पंधरा वर्षं मी लोकांच्या जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकून देते आणि हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर एका नावात देता येतं, पण तसं दिलं तर निवड माझी होते, त्यांची होत नाही.

लिनक्स हे खरं म्हणजे गाभ्याचं नाव. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली तो लिहायला घेतला. त्याआधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला होता आणि गाभ्याभोवती लागणारी बरीचशी अवजारं त्यातून तयार झाली होती. हा गाभा, ही अवजारं, मेनू आणि खिडक्या, ब्राउझर, ऑफिस असं सगळं जुळवून, तपासून जे एकत्र बांधून दिलं जातं ते डिस्ट्रिब्यूशन. रोजच्या बोलण्यात ‘डिस्ट्रो’. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च या सगळ्यांचा गाभा एकच, बांधणारे हात वेगळे. आपल्या यंत्रात काय येईल, काय येणार नाही आणि नकळत काय बाहेर जाईल, हे त्या हातांवर ठरतं. डिस्ट्रो निवडायची म्हणजे हे हात निवडायचे.

ते पारखताना मी तीन गोष्टी पाहते: स्वातंत्र्य, खासगीपणा आणि सोपेपणा. आधी स्वातंत्र्याकडे येऊ. इंग्रजीत मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची एका शब्दावरून कायम पंचाईत होते, कारण तिथे फुकट आणि स्वतंत्र या दोन्हींना एकच शब्द, ‘फ्री’. मराठीत ती अडचण नाही. आपल्याकडे ‘मोफत’ वेगळं आणि ‘मुक्त’ वेगळं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कोणत्याही कामासाठी चालवता येतं, आतून वाचून बदलता येतं, जसंच्या तसं दुसऱ्याला देता येतं आणि बदललेलंही वाटता येतं. स्टॉलमन यांना याची गरज पहिल्यांदा जाणवली ती एका प्रिंटरमुळे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना सूचना जाईल अशी सोय त्यांनी स्वतः करून घेतली होती. नव्याचा सोर्सकोडच मिळेना, त्यामुळे दुरुस्ती माहीत असूनही करता येईना. स्वतःच्या खोलीतल्या यंत्राला हात लावायची मुभा नाही, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही.

हे तत्त्व टोकापर्यंत पाळणाऱ्या डिस्ट्रो आहेत. स्पेनमधल्या गॅलिशियात जन्मलेली ट्रिस्केल त्यातली बहुधा सर्वांत वापरण्याजोगी. तिच्यात एकही अमुक्त तुकडा नाही. गाभ्यातूनसुद्धा तसे तुकडे काढून टाकलेले असतात. मी ती एका लॅपटॉपवर टाकली तेव्हा पडदा सुंदर उजळला, आवाज आला, मराठी अक्षरं नीट दिसली. वायफायची खूण मात्र कुठेच नव्हती. कारण साधं आहे. वायफायच्या चिपमध्ये फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो. इंटेलच्या वायफाय चिपांना तो संगणकाकडून भरावा लागतो. तो वाटायला परवानगी आहे, पण त्याचा सोर्सकोड बाहेर दिलेला नाही, म्हणून ट्रिस्केल तो ठेवत नाही. यावर उपाय आहे: एआर९२७१ या अथेरॉस चिपचा यूएसबी डोंगल. त्याचं फर्मवेअर मुक्त आहे. तो लावला आणि क्षणात जाळं दिसू लागलं. पण बाईंना मी डोंगल शोधायला लावला असता तर त्या नवीन लॅपटॉप घ्यायला निघून गेल्या असत्या, आणि त्यात त्यांची चूक नसती.

हाच पेच डेबियनने कसा सोडवला ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन सुरू केली. ती कुठल्या कंपनीची नाही. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. १९९७ मध्ये त्यांनी एक सामाजिक करार लिहिला आणि डेबियन शंभर टक्के मुक्त राहील असं वचन दिलं. अमुक्त पॅकेजं वेगळ्या कप्प्यात, अधिकृत डेबियनच्या बाहेर. तत्त्व स्वच्छ, पण परिणाम असा की अधिकृत इन्स्टॉलर चालवला की मध्येच फर्मवेअर नसल्याची सूचना यायची आणि वायफाय चालायचं नाही. फर्मवेअर असलेली फाइल उपलब्ध होती, पण ‘अनधिकृत’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेली. ज्यांना ठाऊक ते तिथे पोचायचे; नवखा माणूस कंटाळून दुसरीकडे जायचा.

२०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान घेतलं. जुनं तसंच ठेवा, दोन वेगळे इन्स्टॉलर द्या, एकच द्या, असे बरेच पर्याय होते. शेवटी ठरलं ते असं: अधिकृत इन्स्टॉलर एकच आणि त्यात लागणारं अमुक्त फर्मवेअर असेल. त्यासाठी सामाजिक कराराचं पाचवं कलम त्यांनी उघडपणे दुरुस्त केलं, पळवाट काढली नाही. फर्मवेअरसाठी निराळा कप्पा केला, म्हणजे वायफायसाठी दार उघडलं म्हणून बाकीचं अमुक्त सॉफ्टवेअर आत शिरत नाही. जून २०२३च्या डेबियन १२पासून हे लागू झालं. स्टॉलमन यांनी उभारलेल्या मुक्त सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मान्य यादीत डेबियन तेव्हाही नव्हती, आजही नाही. त्यांचा आग्रह मला समजतो आणि त्याबद्दल आदरही आहे. तरी माझं मत डेबियनच्या बाजूने आहे. तडजोड केली, पण ती किती आणि कुठे ते लिहून ठेवलं. डेबियनमध्ये ‘चेक-डीएफएसजी-स्टेटस’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तुमच्या यंत्रात कोणती अमुक्त पॅकेजं आहेत याची यादी तो समोर ठेवतो. पूर्वी त्याचं नाव होतं ‘व्हीआरएमएस’, म्हणजे व्हर्च्युअल रिचर्ड एम. स्टॉलमन. माझ्या संगणकावर त्या यादीत दोन नावं येतात. ती दोन्ही मला पाठ आहेत.

खासगीपणाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे, पण तो हाच प्रश्न नाही. २००४ साली आलेल्या उबुंटूने लिनक्स घराघरात नेलं हे कुणी नाकारू नये; मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने त्या काळी सीडी टपालाने फुकट पाठवल्या. पण २०१२च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या उबुंटू १२.१०मध्ये, तुम्ही आपल्याच संगणकातली फाइल शोधायला शब्द टाकला की तो कंपनीच्या सर्व्हरकडे जायचा आणि उत्तरात अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तू दिसायच्या. बंद करायची सोय होती, पण मुळात चालू ठेवलेलं होतं. स्टॉलमन यांनी त्याला हेरगिरी म्हटलं. २०१६च्या १६.०४मध्ये ते आपोआप बंद राहू लागलं. सॉफ्टवेअरचा बराचसा भाग मुक्त असूनही हे घडलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तसंच उघड होतं म्हणून लोकांना ते दिसलं, बोलता आलं आणि बदलून घेता आलं, हेही.

याचं याहून मोठं उदाहरण मार्च २०२४चं. फाइली आवळून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साध्या अवजारात कुणीतरी दोन वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर दूरच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले आणि दरवाजा सापडला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोचलाच नव्हता. ‘स्थिर म्हणजे जुनाट’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे सांगते.

डिस्ट्रो कोणतीही घ्या, पण त्यावर तोच ब्राउझर, तेच खातं, तीच कुठेही ‘परवानगी द्या’वर टिचकी मारायची सवय राहिली तर खासगीपणा फार वाढत नाही. टाकताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याची चौकट येते, तिथे खूण करा. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं वाचता येणार नाही; मात्र परवलीचा शब्द विसरलात तर तुम्हालाही नाही. पत्रकार किंवा धोक्यात असलेल्या माणसासाठी टेल्स ही डिस्ट्रो आहे. ती पेनड्राइव्हवरून चालते, सगळी रहदारी ओळख लपवणाऱ्या टॉर जाळ्यातून नेते आणि बंद केली की यंत्रात खूण ठेवत नाही. वीजबिल भरायला आणि नातवाचे फोटो पाहायला ती नको.

राहिला सोपेपणा. याला दुय्यम समजणारे लिनक्सप्रेमी मला पटत नाहीत. जे वापरताच येत नाही त्याचं स्वातंत्र्य कुणाच्या उपयोगाचं? आपल्याकडे सोपेपणाची पहिली परीक्षा मराठी टायपिंगची. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मांडण्या प्रमुख डिस्ट्रोंमध्ये आधीपासून असतात. बाईंनी पहिला शब्द टाइप केला ‘दुसऱ्या’. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसकट जे दाबलं की ऱ येतो. तो नीट उमटला तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलल्या. ही सोय आपोआप आलेली नाही. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहित हा मुक्त देवनागरी फॉन्ट वर्षानुवर्षं सांभाळला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात.

अडतं ते दुसरीकडे. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. पानं लावणाऱ्यांचं इनडिझाइन लिनक्सवर येत नाही, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या फाइली तो फॉन्ट न टाकता तिथे उघडल्या तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. डिजिटल सहीचं टोकन आणि प्रिंटर यांची आधी चौकशी करा. ज्यांचं पोट या गोष्टींवर आहे त्यांनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स घ्यावं. मी त्यांना कधीच आग्रह करत नाही.

बाईंसाठी मी मिंट निवडली, हलकी एक्सएफसीई आवृत्ती. क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही डिस्ट्रो उबुंटूवर उभी आहे, पण डोळे मिटून नाही. कॅनॉनिकलने क्रोमियम ब्राउझर आपल्या ताब्यातल्या स्नॅप दुकानातून द्यायला सुरुवात केली, तेव्हा मिंटने २०२०च्या आपल्या विसाव्या आवृत्तीत स्नॅप आपोआप शिरण्याला अटकाव केला. सोपेपणा राखून विश्वास जपला तो असा. फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसून कुणीतरी डाउनलोडचा दुवा चोरदरवाजा घातलेल्या फाइलीकडे वळवला होता, हेही मी बाईंना सांगितलं. मिंटने ते लगेच जाहीर केलं. म्हणून उतरवलेल्या फाइलीचा एसएचए२५६ आकडा, म्हणजे तिचा ठसा, मिंटच्या डिजिटल सहीने तपासलेल्या आकड्याशी जुळवायला थोडा वेळ काढावा.

टाकण्याआधी आम्ही पेनड्राइव्हवरून मिंट नुसती चालवून पाहिली. अशी चालवताना डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपतो आणि उघडल्यावर उठतो का, प्रिंटर, ‘दुसऱ्या’. सगळं जमलं तेव्हा फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि अर्ध्या तासात काम झालं. बाई आज त्यावर शाळेच्या आठवणी लिहितायत.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने मिंट घ्यावी. वर्षभर रुळल्यावर, आत काय चाललंय याची ओढ लागली तर डेबियन. ट्रिस्केल घ्यायची असेल तर आधी तिला मानवणारं यंत्र शोधा, मग डिस्ट्रो. उलट क्रमाने मनस्ताप होतो. उबुंटू वाईट नाही, फक्त तिथल्या मूळ सेटिंग एकदा स्वतः तपासा.

आणि एक विनंती. मेनूतला एखादा मराठी शब्द ओबडधोबड वाटला, चुकीचा वाटला, तर तो सोसू नका. ही भाषांतरं तुमच्याआमच्यासारख्यांनीच केलेली आहेत आणि सुधारायची मुभा प्रत्येकाला आहे. बाईंनी आपल्या वहीत अशा बावीस चुका लिहून ठेवल्या आहेत. या सुट्टीत आम्ही दोघी त्या पाठवणार आहोत, तुम्हीही पाठवा.