मूळ पुरुषाचा शोध

आपल्या आजोबांच्या आजोबांचें नांव काय, असें विचारलें तर चांगल्या शिकलेल्या घरांतहि बहुधा उत्तर मिळत नाहीं. इंग्लंडांत १५३८ पासून चर्चनें बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या ठेविल्या. तीच चाल वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेस गेली, आणि तेथील जुनीं घराणीं आपला वंश अशा वह्यांतून शोधीत असतात. आपल्याकडे अशी एकच वही नाहीं. ज्या नोंदी आहेत त्या निरनिराळ्या कामांसाठीं लिहिलेल्या. म्हणून कागद हातीं येतांच तो कोणीं व कशासाठीं लिहिला, हें आधीं विचारावें.

सातारचेंच उदाहरण घ्या. छत्रपति शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्यें निवर्तले. मरणापूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता; कंपनी सरकारनें तो मानला नाहीं आणि राज्य खालसा केलें. राजाची ही गत, मग इनामदाराची काय कथा? १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें हक्कांचे पुरावे मागितले. त्यासरशीं पेट्यांच्या तळचे महजर, सनदा आणि वंशावळी बाहेर निघाल्या. नव्हत्या त्या तयार झाल्या. हक्क सिद्ध करण्यासाठीं लिहिलेल्या वंशावळींत ज्या शाखेला वतन हवें ती ठसठशीत दिसते. निपुत्रिक चुलता, वेगळा निघून परगांवीं गेलेला भाऊ आणि बहुतेक सर्व मुली गळतात. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्या घरांतून नाहींसा होतो. त्यांतून नातवाला आजोबांचें नांव ठेवण्याची आपली रीत. दोन रामचंद्र एक झाले कीं मधली पिढी बुडालीच! नांवाशेजारीं साल आणि गांव लिहून ठेवणें हाच त्यावर उपाय. आणि मूळ पुरुष शिवछत्रपतींबरोबर प्रतापगडावर होता, असें ज्या वंशावळींत आढळेल, ती जरा सावकाश वाचावी.

स्त्रियांचीं नांवें मात्र वतनाच्या कागदाहून तीर्थोपाध्यायांच्या वहींत शोधावीं. श्राद्धांत पिता, पितामह, प्रपितामह यांच्याप्रमाणेंच माता, पितामही, प्रपितामही आणि आईच्या माहेरचे मातामहादि पूर्वज यांचाहि उच्चार करावा लागतो. म्हणून नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील उपाध्ये यजमानाच्या गांवावरून व आडनांवावरून पिढ्यांच्या नोंदी ठेवीत आले. सरकारी दप्तर ज्या आजीला ओळखीत नाहीं, ती अशा वहींत सांपडण्याचा संभव असतो.

सांगलीकडच्या खेड्यांत हेळवी येतो. बैलावर बसून तो गांवोगांव हिंडतो, घराच्या पूर्वजांचीं नांवें म्हणून दाखवितो आणि धान्य घेऊन पुढें जातो. ज्यांच्यापाशीं सनद नाहीं, त्या शेतकऱ्यांच्या घरांना हाच आधार. त्याच्याकडून ऐकलेलें नांव जन्ममृत्यूच्या गांवनमुना १४ शीं किंवा शाळेच्या जुन्या रजिस्टराशीं ताडून पाहावें.

दप्तर शोधतांना जिल्ह्याच्या नांवानें फसूं नये. वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होते. १९४९ मध्यें दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला. त्यालाच १९६० मध्यें सांगली हें नांव मिळालें. मिरज, सांगली, जत हीं तर संस्थानें होतीं. तेव्हां तासगांवचा जुना कागद साताऱ्यास किंवा पुण्याच्या पेशवे दप्तरांत असणें अगदीं शक्य आहे.

खरी अडचण लिपीची. हे कागद बहुतांशीं मोडींत आहेत, आणि मोडी शाळांतून जाऊन दोन पिढ्यांहून अधिक काळ लोटला. २०२३ मध्यें कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां मोडी वाचकांची शोधाशोध करावी लागली. जातीचा दाखला, म्हणजे एखाद्या मुलाचें शिक्षण वा नोकरी, पणजोबांच्या नांवापुढील एका मोडी शब्दावर अवलंबून राहिली. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं वाईस एका घरीं सांपडलेल्या कागदांवरून १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड छापला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरावर आयुष्य वेंचलें. घरोघरचे लहान कागद मात्र रद्दींत जात आहेत. वाचतां येत नाहीं म्हणून ते टाकूं नयेत. कोरड्या जागीं सुती कापडांत बांधावे, प्रत्येकाचें छायाचित्र घ्यावें, आणि कोणत्या पेटींतून कोणता कागद निघाला तें बाहेर बाळबोधींत लिहून ठेवावें. मोडी जाणणारा भेटेल तेव्हां त्याला तेवढ्यानेंहि पुष्कळ उलगडतें.